जपानचे ग्रंथभांडार आणि आपली अभ्यासिका
(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



जपान म्हटलं की आपल्या पोरांना मोटारी आठवतात. पण तो ग्रंथ जपणारा देश आहे. क्योटोजवळ उजी येथे मान्पुकुजी नावाचं विहार आहे. तिथे तेत्सुगेन या भिक्खूंनी (१६३०-१६८२) चिनी त्रिपिटक छापण्यासाठी सुमारे ६० हजार लाकडी फळ्या कोरून घेतल्या. त्या आजही तिथे रचून ठेवलेल्या आहेत. असं सांगतात की, गावोगाव फिरून जमवलेलं दान त्यांनी एकदा पूरग्रस्तांना आणि एकदा भुकेल्यांना वाटून टाकलं, आणि तिसऱ्यांदा पुन्हा झोळी घेतली. १६८२ च्या दुष्काळात लोकांना अन्न पुरवीत असतानाच त्यांचं निधन झालं.

पुढे १९२४ ते १९३४ या काळात ताकाकुसू जुन्जिरो आणि सहकाऱ्यांनी तैशो त्रिपिटकाचे १०० खंड काढले. त्यात १२ खंड निव्वळ चित्रांचे आहेत : बुद्ध-बोधिसत्त्वांची रूपं, मुद्रा, मंडलं. जपानी मूर्तिकला शिकायची तर ते पाहावेच लागतात. ग्रंथांचे ८५ खंड तोकियो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी संगणकावर आणले. त्याला 'सॅट' म्हणतात. बघायला पैसा लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चिनी अक्षरं वाचणार कोण? रास्त प्रश्न आहे. कारखान्यात मायक्रोमीटर हाताळणाऱ्यांनी त्यावर 'मितुतोयो' हे नाव वाचलं असेल. त्या कंपनीचे संस्थापक नुमाता येहान यांनी १९६५ साली धम्मप्रसाराची संस्था काढली. तिने छापलेले त्रिपिटकातील ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद फुकट उतरवून घेता येतात. कलेची आवड असणाऱ्यांनी 'कोलबेस' पाहावं. तोकियो, क्योटो, नारा, क्यूशू इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांतल्या वस्तूंची छायाचित्रं तिथे आहेत, माहिती इंग्रजीतही मिळते.

यंदाच्या वर्गणीतून आधी कमान की अभ्यासिका, हा वाद समितीत चालू आहे. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते ग्रंथांना जागा हवी म्हणून, हे मी तुम्हाला सांगायला नको. कमानीला माझा विरोध नाही, ती पुढच्या वर्षी होईल. यंदा एक संगणक, एक छपाईयंत्र आणि इंग्रजीचा शब्दकोश घ्यावा. पुस्तकांच्या कपाटाची चावी कुणाच्या घरी न राहता संध्याकाळी सात ते नऊ विहारातच असावी, ही सूचना मी समितीपुढे ठेवतो.

जयभीम!