एक वाहिनी, अनेक याचक

बऱ्हाणपूरच्या सतराव्या शतकातील कुंडी भंडाऱ्यात अनेक कुंड्या एकाच भूमिगत प्रवाहाने जोडलेल्या आहेत. मोबाइलच्या लहरींचेही तसेच: वाहिनी एक, याचक अनेक. मात्र हे याचक परस्परांना पाहू शकत नाहीत. जीएसएम पद्धतीत प्रत्येक संच मनोऱ्याकडे छोटीशी विनंती पाठवतो. दोन विनंत्या एकाच क्षणी आदळल्या, तर बहुधा दोन्ही वाया जातात. मग प्रत्येक संच कमी-अधिक काळ थांबून पुन्हा विनवतो. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन यांच्या ‘अलोहा’ जाळ्याने हीच युक्ती वापरली होती. गर्दीत टकरी वाढतात. म्हणून आपत्काळी सामान्य संचांना थोपवून बचावसेवांना वाट देण्याची तरतूद या पद्धतीतच आहे. अशा वेळी आपला थांबलेला संच कुणाच्या तरी प्राणांसाठी थांबलेला असतो.