बोलका हात आणि मुका हात



शरद ऋतूतील पहाट आहे. अमेरिकेतील एका तळ्याच्या काठी एक शिकारी आपल्या रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यासह उभा आहे. पडलेले पाखरू दातांनी न चुरडता धन्याच्या हाती आणून देणे हा या जातीचा पिढीजात धंदा. नेम लागलेले बदक पलीकडच्या काठच्या लव्हाळ्यात पडले. परंतु ते पडताना कुत्र्याने पाहिले नाही. ठिकाण मनुष्यास ठाऊक आहे, तेथवर पोहण्याचे बळ मात्र कुत्र्याच्या अंगी आहे, आणि मध्ये दीडशे वार पाणी पसरले आहे. कुत्रा धन्याने दाखविलेल्या रोखाने निघतो. वाऱ्याने व लाटेने थोडा डावीकडे ढकलला जातो. शिटी एकदाच वाजते. कुत्रा पाण्यातच वळून काठाकडे पाहू लागतो. मनुष्य उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरतो व त्याच बाजूस एक पाऊल टाकतो. कुत्रा दिशा बदलतो, लव्हाळ्यात शिरतो आणि क्षणभराने तोंडात बदक घेऊन बाहेर येतो. या सर्व प्रकारात मनुष्याच्या मुखातून एक शब्दही निघालेला नाही.

असा हात वापरण्याची गरज का पडते, हे समजण्यास फार विचार नको. वाऱ्यावर शब्द विरून जातो. हाकेने सावज बुजते. आणि युद्धात गस्तीवर निघालेल्या शिपायाने कुत्र्यास हाक मारली तर ती शत्रूसही ऐकू जाते. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांस शिटीने व हाताने दूरवर वळवीत असत. ते पाहून डेव्ह एलियट नावाच्या स्कॉटिश शिक्षकाने १९३० नंतरच्या दशकात ही रीत अमेरिकेतील रिट्रीव्हरांस लावली, आणि तेथील कुत्र्यांच्या स्पर्धांचे स्वरूपच पालटले. आपल्याकडील धनगराचा कुत्रा हा मुख्यतः राखणदार. लांडग्यास अडविणे हे त्याचे काम. मेंढरे वळविणे धनग राच्या काठीचे व हाळीचे. त्यामुळे ही विद्या आपल्या माळरानांवर उपजली नाही, यात नवल नाही.

कुत्र्याचा डोळा मनुष्याच्या डोळ्याहून निराळा आहे. बारीक आकार ओळखण्यात तो पुष्कळ मागे पडतो, आणि तांबडा रंग त्यास मळकट दिसतो. परंतु हालचाल टिपण्यात तो मोठा तरबेज. १९३६ साली चौदा पोलिसी कुत्र्यांवर प्रयोग झाले. त्यांत सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या कुत्र्यांनी हलती वस्तू ८१० ते ९०० मीटरांवरून ओळखली. तीच वस्तू स्थिर ठेवताच ५८५ मीटरांपलीकडून त्यांस ती ओळखता येईना. या एका गोष्टीवरून शिक्षकाने पुष्कळ घ्यावे. नुसता वर धरलेला हात दुरून कुत्र्यास झाडाच्या फांदीसारखाच. हात खालून वर गेला पाहिजे, बाजूस पसरला पाहिजे, आणि जोडीस पाऊलही पडले पाहिजे. अमेरिकेतील स्पर्धांत कुत्रा हाताळणारे लोक पांढरा कोट घालतात, त्याचे कारण हेच: काळ्याभोर झाडीपुढे पांढरी बाही हलली की ती कुत्र्याच्या नजरेत भरते.

आता शिकविण्याची रीत. आरंभ घरच्या ओसरीवरही करता येतो. मुठीत खाऊ धरून ती कुत्र्याच्या नाकावरून हळूहळू वर व मागे न्यावी. नाक वर उचलले जाते आणि पाठीचा भाग आपोआप खाली टेकतो. त्याच क्षणी खाऊ द्यावा. काही दिवसांनी मूठ रिकामी ठेवावी व खाऊ दुसऱ्या हातातून द्यावा. मग हाताची चाल आटोपशीर करीत न्यावी. अखेर नुसता तळवा वर उचलला तरी कुत्रा बसतो. पण ज्या कुत्र्यास ‘बैस’ हा शब्द आधीच कळतो, त्याच्या बाबतीत बहुतेक लोक एक चूक करतात. ते शब्द व खूण ही दोन्ही एकदम देतात. कुत्र्यास जुना शब्द पुरेसा असतो, म्हणून नव्या खुणेकडे तो ढुंकून पाहत नाही, आणि महिनाभराने धनी म्हणतो की कुत्रा मठ्ठ आहे! खूण आधी करावी, क्षणभर थांबावे, आणि मग शब्द उच्चारावा. या क्रमाने पुष्कळ वेळा झाले म्हणजे खुणेमागून शब्द येणार, हे कुत्र्यास उमगते व शब्दाची वाट न पाहताच तो बसू लागतो. आगगाडीचा सिग्नल पडताच फलाटावरील उतारू सामान उचलू लागतात, तसाच हा प्रकार.

दिशा शिकविणे याहून कष्टाचे. त्यासाठी एलियटच्या नव्या देशातील लोकांनी आपल्या आवडत्या बेसबॉलच्या खेळाचाच आराखडा घेतला. कुत्र्यास मैदानाच्या मध्यभागी, शिक्षकाकडे तोंड करून बसवावयाचे. त्याच्या डाव्या बाजूस, उजव्या बाजूस व पाठीमागे, बऱ्याच अंतरावर, कॅनव्हासची एकेक गुंडाळी ठेवावयाची. शिक्षकाने हात आडवा पसरला तर त्या बाजूची गुंडाळी आणावयाची. हात डोक्यावर सरळ वर गेला तर मागे वळून पाठीमागची आणावयाची. प्रारंभी एकच गुंडाळी मांडतात, म्हणजे चुकण्यास वावच राहत नाही. पुढे दोन, मग तीन. या साऱ्याआधी शिटी ऐकताच जागच्या जागी थांबून शिक्षकाकडे पाहण्याची सवय पक्की झालेली असावी लागते. जो पाहतच नाही त्यास खूण करून काय उपयोग?

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हाताच्या रोखाने पाहावे हे कुत्र्यास कोणी शिकविले? २००२ साली ब्रायन हेअर व त्यांचे सहकारी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखविले की, दोन भांड्यांपैकी खाऊ कोणत्यात आहे हे मनुष्याने खुणेने दाखविले तर कुत्री ते ओळखतात. चिंपांझी मात्र, इतके बुद्धिमान असूनही, या कसोटीत मागे पडतात. लहान पिलांसही हे साधते. माणसाळलेल्या लांडग्यांविषयी पुढे विद्वानांत मतभेद झाले. परंतु कुत्र्याच्या अंगी ही गोष्ट खोल मुरलेली आहे, याविषयी फारशी शंका उरली नाही. आपल्या देशातील उदाहरण तर अधिकच बोलके आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ या संस्थेतील अनिंदिता भद्रा व त्यांचे सहकारी यांनी रस्त्यावरील १६० बेवारशी कुत्र्यांवर प्रयोग करून २०२० साली ते प्रसिद्ध केले. सुमारे निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. ज्यांना माणसाकडून लाथ किंवा दगड मिळाला असेल, त्यांनी भ्यावे हे साहजिकच होय. पण जी पुढे आली, त्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री बोटाने दाखविलेल्या भांड्याकडे गेली. त्यांना कोणीही शिकविले नव्हते.

मनुष्याचे अंग वाचण्याची ही हौसच कधी कधी घातक ठरते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा खुराचे ठोके देऊन गणिते सोडवीत असे. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी छडा लावला. प्रश्न विचारणाराच्या मानेची व चेहऱ्याची सूक्ष्म हालचाल पाहून घोडा ठोके थांबवीत होता. प्रश्नकर्त्यास स्वतःस उत्तर ठाऊक नसले की घोडाही अडाणी! फॉन ओस्टेन लबाड नव्हते. आपण खूण करतो आहोत हेच त्यांना माहीत नव्हते. शाळामास्तरांनी तरी ही कथा विसरू नये.

घोड्याची ही गोष्ट करमणुकीची. पण स्फोटके वा अमली पदार्थ हुडकणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत असे घडले तर एखादा निरपराध मनुष्य कोठडीत जावयाचा. २०११ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अठरा कुत्री व त्यांचे हाताळणारे यांची परीक्षा घेतली. खोल्यांत वासाची वस्तू कोठेही ठेवलेली नव्हती. हाताळणाऱ्यांस मात्र ती आहे असे सांगितले होते, आणि काही ठिकाणी तांबडा कागद लावून ‘येथेच आहे’ असे भासविले होते. १४४ झडत्यांपैकी केवळ २१ निर्दोष ठरल्या. उरलेल्यांत कोठे ना कोठे ‘सापडले’ अशी वर्दी मिळाली. कुत्र्यांनीच माणसांचे मन वाचले की माणसांनी कुत्र्याच्या वागण्यात आपली समजूत पाहिली, याचा निवाडा त्या प्रयोगाने होत नाही. कोठडीत जाणाऱ्यास दोहोंचे फळ सारखेच.

म्हणून शोधकार्यातील कुत्र्याच्या शिक्षकास दोन हात शिकावे लागतात. एक हात बोलका: ही पेटी हुंग, ही फट हुंग, आता पुढे चल. दुसरा मुका: कुत्रा हुंगत असता थबकावयाचे नाही, लगाम आखडावयाचा नाही, श्वासही रोखावयाचा नाही. यास उत्तम उपाय म्हणजे सरावाच्या वेळी वस्तू दुसऱ्याच कोणी लपवावी व शिक्षकास ठिकाण सांगू नये. आणि मधून मधून काहीच लपवू नये. १९९३ सालच्या मुंबईतील बाँबस्फोटांच्या काळात पोलिसांचा झंजीर हा लॅब्रॅडोर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून काढण्यास कारण झाला. कोणत्या पेटीत ते दडले आहे हे त्या वेळी कोणाही मनुष्याचा हात त्यास सांगू शकत नव्हता. वास लागला की असा कुत्रा स्तब्ध बसतो, आणि खूण वाचण्याची पाळी माणसावर येते.

तळ्याकाठच्या जाणत्या शिकाऱ्यासही हे ठाऊक असते. कुत्र्याची शेपटी एकदम वेगाने हलू लागली, नाक पाण्यालगत आले, की तो आपला वर उचललेला हात गुपचूप खाली घेतो. बदक वाहत दहा वार सरकले असेल. ते कुत्र्यास आता अधिक ठाऊक.

पुढे हाच कुत्रा दहाबारा वर्षांचा होतो. कान जड होतात, शिटी ऐकू येत नाही, आणि घरच्यांस वाटते की म्हातारा आता ऐकेनासा झाला. ज्यास लहानपणी हाताची खूण शिकविली आहे, त्याच्याशी अशा वेळीही व्यवहार चालू राहतो. त्याने मान वळवून पाहीपर्यंत थांबावे लागते, एवढेच. पाठमोरा असेल तर जमिनीवर पाय आपटावा. तो हादरा त्यास पंजांतून कळतो. आणि अंधार पडल्यावर अंगणातील दिवा दोनदा मालवून लावला, की म्हातारा कुत्रा उठतो, दाराच्या उजेडात धन्याचा हात छातीशी येताना पाहतो, आणि सावकाश घराकडे चालू लागतो.