चालतां चालतां मोटार कां अडखळते?



वर्ध्यालगतचें सावंगी (मेघे) हें गांव आज तेथील मोठ्या रुग्णालयामुळें दूरवर परिचित आहे. देवळीच्या बाजूनें रुग्ण घेऊन मोटार यावी, पुढील ट्रकला ओलांडण्याकरितां चालकानें पाय दाबावा, आणि नेमक्या त्याच क्षणीं गाडीनें मान टाकावी, हा प्रसंग किती बिकट असतो हें मी गेल्या वैशाखांत अनुभवलें. मागें माझ्या वृद्ध आत्याबाई होत्या. सुदैवानें आम्ही वेळेवर पोहोंचलों. परंतु त्यापूर्वीं एका कारखान्यांत दोनदां दुरुस्ती झाली होती. प्रथम प्लग बदलले, नंतर कॉइल. खरा दोष निघाला पेट्रोलच्या तुंबलेल्या गाळणींत! "गाडी केव्हां अडखळते?" हा साधा प्रश्न कोणीं विचारला नाहीं, आणि मींही आपण होऊन सांगितलें नाहीं.

पेट्रोलच्या इंजिनास तीन गोष्टी लागतात: हवा, इंधन व ठिणगी. एक भाग पेट्रोल जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण ढळलें किंवा ठिणगी चुकली, कीं शक्ति घटलीच. यांपैकीं काय उणें पडतें, हें लक्षणांवरून बरेंचसें ओळखतां येतें.

गाडी उभी असतां इंजिन सुरळीत चालतें, पण वेग वाढवितांना वा चढावर दम तुटतो, तर इंधन अपुरें पडत असावें; त्याचा दाब मोजवून घ्यावा. पाय दाबतांच क्षणभर अडखळून मग गाडी उचलते, तर हवेची वाट पाहावी: धुळीनें भरलेली गाळणी, झडपेवरील काजळी किंवा फुटकी नळी. धक्के बसून इंजिन थरथरतें, तर एखाद्या सिलिंडरांत ठिणगी चुकत असावी. अशा वेळीं इंजिनाचा दिवा लुकलुकूं लागल्यास गाडी पुढें दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रास तापवून निकामी करतें. तापल्यावर बंद पडणारी गाडी निवल्यावर पुन्हा चालते, तर उष्णतेनें दगा देणारा पंप किंवा सेन्सर संशयास्पद समजावा. वर्ध्याच्या उन्हाळ्यांत ही शंका विशेष ध्यानांत ठेवावी. आणि एकच चाक इतरांहून फार तापलें असेल, तर दोष इंजिनाचा नसून चिकटलेल्या ब्रेकचा असूं शकतो.

आजच्या गाडींतील संगणक दोषाचा क्रमांक नोंदवून ठेवतो. तो अवश्य वाचून घ्यावा. मात्र तो दिशा दाखवितो, निकाल देत नाहीं.

वाटेंत शक्ति मंदावली तर ओलांडण्याचा मोह सोडावा, इशाऱ्याचे दिवे लावावे व डाव्या कडेस सुरक्षित थांबावें. इंजिन बंदच पडलें तर ब्रेक वारंवार दाबूं नये. त्याचें साहाय्य एकदोन दाबांतच संपतें आणि मग पायास अधिक जोर लागतो. थांबल्यावर वेग, चढ, उष्णता, इंधन केव्हां भरलें, हें सारें कागदावर टिपावें.

कुशल वैद्य औषध देण्यापूर्वीं विचारतो, "केव्हांपासून? कशानें वाढतें?" यंत्राला वाचा नाहीं, त्याच्या वतीनें उत्तर द्यावयाचें तें आपणच. आत्याबाई आतां बऱ्या आहेत, आणि माझ्या गाडींत एक लहानशी वही कायमची आहे.