समुद्रातील वेस

(धर्मापुरी येथील भाषण)

किल्ल्याच्या या गावाला पहारा म्हणजे काय हे सांगावयास नको. आखातात गेलेल्या मुलाचा आवाज गावात पोहोचतो, तो बहुधा समुद्रतळाच्या तारांमधून. देशाची ही वेस राखते कोण?

विदेश संचार निगम ही मुंबईची सरकारी कंपनी. २००२ मध्ये सरकारने तिचे २५ टक्के भाग १,४३९ कोटी रुपयांना टाटा समूहास विकले, कारभारही सोपविला. पुढे या कंपनीने टायकोचे ६० हजार किलोमीटरचे सागरी जाळे १३ कोटी डॉलरला घेतले, तेव्हा अमेरिकेने तिला दारातच थांबविले. न्याय, संरक्षण व अंतर्गत सुरक्षा खात्यांशी करार झाला, मगच २००५ मध्ये परवाने मिळाले. जगाला खुल्या बाजाराचे धडे देणारा देश तारांच्या बाबतीत मात्र बाजारावर विसंबला नाही! भारत सरकारने आपला उरलेला २६ टक्के वाटाही २०२१ मध्ये विकून टाकला.

येथील परवान्यांतही सुरक्षेच्या अटी आहेत. परक्याने ऐकू नये, ही काळजी रास्तच. परंतु स्वकीय सरकारने किती ऐकावे, याचा निर्णय खात्यांच्या बंद दालनांतच होतो. आणीबाणी भोगलेल्या देशाने तो तेथेच सोडावा काय? या अटी संसदीय समितीपुढे आल्या पाहिजेत, अशी मागणी धर्मापुरीच्या सभेनेही करावी.