मैदानाची भीती

११ ते १७ वर्षे वयाच्या जगातील मुलामुलींपैकी ८१ टक्के दररोज तासभरही पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केले; तथापि याचा सारा दोष आळसाच्या खाती जमा करणे मला अन्यायाचे वाटते. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली प्रतिपादिल्याप्रमाणे, जे आपल्याला साधेल असा विश्वास नसतो, ते मनुष्य टाळतो. आणि देह झपाट्याने पालटत असताना, गडी वाटून घेताना शेवटी उरलेल्या किंवा धावताना हशाला पात्र झालेल्या मुलाला, त्याहूनही मुलीला, मैदानापेक्षा खोलीतला पडदा निर्धोक वाटतो. पालकहो, फर्माने सोडू नका. सायंकाळी मुलांसमवेत स्वतः चालायला निघा.