टपालातला चेक आणि बँकेची जबाबदारी

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर आपण दर मेळाव्यात बोलतो. आज, भाव ठरला, माल मोजला, त्यानंतर पैसा वाटेत कुठे जातो, ते बोलायचे आहे.

आमच्या तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याने एप्रिलमध्ये घरात ठेवलेला ९ क्विंटल कापूस परजिल्ह्यातल्या व्यापाऱ्याला दिला. ६३,००० रुपये झाले. पैशासाठी पुन्हा जायचे तर एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडणार, म्हणून त्याने काटापट्टीवर लिहून दिले, 'चेक पोस्टाने पाठवावा'. चेक निघाला साध्या पाकिटात. आपल्याकडे टपाल कसे वाटले जाते ते तुम्हाला सांगायला नको. अख्ख्या वस्तीचा गठ्ठा स्टँडवरच्या हॉटेलात, बिस्किटांच्या बरण्यांमागे. ज्याला दिसेल त्याने न्यावे. पोस्टमनवर राग काढू नका, एका माणसाच्या गळ्यात पाच-सहा गावे असतात. हे पाकीट कुणीतरी नेले, त्याच नावाने एका बँकेत खाते उघडले, चेक भरला, वटला, आणि पैसे काढून माणूस पसार झाला. आमच्या भावाला हे कळले दीड महिन्याने. मृग तोंडावर आला होता. बियाणे सावकाराच्या पैशाने आणावे लागले.

व्यापारी म्हणाला, चेक पोस्टाने तुम्हीच मागितला, माझा संबंध संपला. आम्हाला चीड आली, पण वकिलांनी दाखवले की त्याच्या म्हणण्याला आधार आहे. ज्यांचे प्रभाकर कंदील आपल्या घराघरात जळले, त्या ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा आयकराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. निकाल १९५४ चा. पैसे घेणाऱ्याच्या सांगण्यावरून चेक पोस्टात टाकला, तर पोस्ट हे घेणाऱ्याचे प्रतिनिधी ठरते. पाकीट पोस्टात पडले तिथेच त्याला पैसे पोचले. तिथला वाद कर कुठे लागणार एवढाच होता. आपल्याला मात्र काटापट्टीवरचे ते तीन शब्द भोवले. ते लिहिले नसते, तर बाकी व्यापाऱ्याच्याच अंगावर आहे असे आम्ही ठणकावून सांगितले असते.

मग आम्ही खाते उघडणाऱ्या बँकेत गेलो. साहेब म्हणाले, नाव जुळले, चेक घेतला, आमची काय चूक? वर विचारतात, दीड महिना झोपला होतात का? आता आमच्या भागात एकाच नावाचे गावात चार-चार जण असतात. नाव जुळणे म्हणजे माणूस जुळणे नव्हे. १८८१ च्या नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३१ क्रॉस केलेला चेक वसूल करणाऱ्या बँकेला संरक्षण देते, पण व्यवहार सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता झाला असेल तरच. म्हणून आम्ही भांडत बसलो नाही. एकच प्रश्न लेखी दिला : हे खाते कोणत्या कागदांवर उघडले आणि मूळ कागद कुणी पाहिले? खूप फेऱ्यांनंतर उत्तर मिळाले. मूळ कागद कुणीच पाहिले नव्हते, नुसती झेरॉक्स होती!

हे भांडण उभे राहिले ते चेकवर दोन आडव्या रेघा होत्या म्हणून. रेघा नसत्या, 'धारकास' हा शब्द खोडलेला नसता, तर काउंटरवर कुणीही पैसे नेले असते आणि बँक बहुधा सुटली असती. तेव्हा चेक घेताना रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहून घ्या, वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि त्यापुढे आपला खाते क्रमांक लिहून घ्या. शक्य असेल तिथे पैसे थेट खात्यातच मागा. चेक आला नाही तर त्याच दिवशी व्यापाऱ्याला गाठा, कारण चेक थांबवण्याची सूचना ज्याने चेक लिहिला त्यालाच त्याच्या बँकेला देता येते. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदतही तीनच महिने आहे.

चेकबुकच चोरीला गेले आणि खोट्या सहीने पैसे निघाले, तर बाजू आपली आणखी भक्कम आहे. कॅनरा बँकेच्या १९८७ च्या खटल्यात कंपनीच्याच हिशेबनिसाने ४२ चेकवर खोट्या सह्या केल्या होत्या. पासबुक तपासले नाही, हा बँकेचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. खोटी सही म्हणजे खातेदाराचा हुकूमच नाही, असा त्याचा अर्थ.

आमच्या भावाची तक्रार आधी बँकेकडे लेखी गेली, पोच घेतली. पोलिसांतही दिली. ३० दिवसांत बँकेचे उत्तर नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. तिथे फी लागत नाही. अकरा महिन्यांनी ६३,००० रुपये खात्यात आले. सावकाराचे व्याज मात्र त्याने दोन पोती ज्वारी विकून भरले. त्या व्याजाच्या भरपाईचा अर्ज बँकेत पडून आहे. येत्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्यांचे असे चेक अडकले आहेत त्यांनी कागद घेऊन सोबत यावे.