पंचांग अंगणात न्या

(गोसीखुर्द येथे हिवाळी व्याख्यानमालेत 29 नोव्हेंबर 2025 रोजी दिलेले व्याख्यान)

मंडळी, चांदणी लुकलुकते, ग्रह स्थिर दिसतो, शुक्र सूर्याची पाठ सोडत नाही, हे सगळं तुम्ही शाळेत शिकलेले आहात. त्यात वेळ घालवत नाही. मला आज एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. तुमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. आजच्या चौकोनात मार्गशीर्ष शुद्ध नवमी आणि बारीक अक्षरात पूर्वाभाद्रपदा असं छापलेलं आहे. पूर्वाभाद्रपदा हा चंद्राचा आजचा मुक्काम. बारशाला, मुहूर्ताला आपण ते नक्षत्र वाचतो. ते तसंच आहे का, हे बघायला अंगणात किती जण उतरतो?

मागून कोणीतरी म्हणालं, थंडी कोण भोगणार! (हशा) काकाजी, खळ्यावर धान राखायला रात्रभर बसता ना? तिथेच मान वर करायची. वेगळी थंडी नाही भोगावी लागत.

आता इथून बाहेर पडलात की दक्षिणेकडे तोंड करा. चंद्र उंचावर, जरासा पश्चिमेकडे कललेला दिसेल. त्याच्या खाली, थोडा डावीकडे, पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका आहे. तो शनी. हात लांब करून तीन बोटं आडवी धरा, साधारण तेवढंच दोघांत अंतर. उद्या याच वेळी, याच जागी उभे राहा. शनी होता तिथेच असेल आणि चंद्र त्याला ओलांडून डावीकडे, मूठभर अंतरावर गेलेला असेल. रोज एक नक्षत्र, म्हणजे सव्वातेरा अंशांच्या आसपास, ही चंद्राची चाल. तासाभरात तो आपल्या रुंदीइतका पूर्वेकडे सरकतो. शेजारी शनीसारखी खूण असली की हे सरकणं नुसत्या डोळ्यांनी पकडता येतं. म्हणून मी आजची तारीख मागून घेतली.

दुर्बीण का आणली नाही, असं संयोजकांनी विचारलं. दुर्बिणीला माझा विरोध नाही. पण शनीची कडी गेल्या मार्चमध्ये आपल्याला अगदी काठावरून दिसत होती, आणि या आठवड्यातही ती जवळजवळ तशीच आहेत. दुर्बिणीतून फक्त एक बारीक रेघ दिसली असती आणि पोरं हिरमुसून घरी गेली असती. दुर्बिणीत माणूस एकदा डोकावतो आणि निघून जातो. चाल कळायला रोज बघावं लागतं, त्याला डोळे पुरतात.

हे माझ्या मनाचं नाही. कोकणात मुरूड-जंजिऱ्याजवळ समुद्रकाठी नांदगाव आहे. तिथे पाचशे वर्षांपूर्वी केशव दैवज्ञ राहत. त्यांचा ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ 1496 सालचा. त्यांच्यापुढे सगळे थोर सिद्धांत होते, ब्राह्म, आर्य, सौर. केशवांनी काय केलं? ग्रंथ मिटून आकाश पाहिलं. कोणाचा शनी पुढे, कोणाचा मागे, एकाचंही सगळं जुळेना. थोरांचं चुकतं असं लिहायला त्या काळी केवढी छाती लागली असेल! आणि ते तिथेच थांबले नाहीत. पुढच्या गणकांना त्यांनी सांगून ठेवलं की ग्रहांच्या नक्षत्रांशी आणि एकमेकांशी होणाऱ्या युती, त्यांचे उदय-अस्त स्वतः पाहा आणि गणित दुरुस्त करत राहा. म्हणजे माझ्यानंतर माझंही तपासा! त्यांचा मुलगा गणेश. त्याने 1520 च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिला, आणि पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगं त्याच्यावर झाली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 1896 च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या बापलेकांबद्दल लिहिलं आहे, ते मिळवून वाचा. मला त्यांच्याबद्दल तासभर बोलता येईल, पण अध्यक्षांनी घड्याळ पुढे सरकवलेलं दिसतं आहे.

साडेसातीचं सांगा, अशी चिठ्ठी आली आहे. मी भविष्य सांगत नाही आणि सांगणारही नाही. पण हे साडेसात आले कुठून, ते सांगतो. शनीला एक राशी ओलांडायला सुमारे अडीच वर्षं लागतात, तीन राशींना साडेसात. हा आकडा कोणीतरी वर्षानुवर्षं आकाशाकडे बघून काढलेला आहे. त्यातली भीती मागाहून चिकटली. आकडा घ्या, भीती सोडा. नाही पटत? नका पटवून घेऊ, पण शनी एकदा बघा तरी.

शनीची ही चाल इथल्या गोसीखुर्द धरणावरच मोजून बघा. धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला झाली. त्या दिवशी शनी धनू राशीत, मूळ नक्षत्रात होता. आकाशाची अख्खी फेरी मारून तो 2018 च्या जानेवारीत त्याच जागी परत आला. गुरूच्या पायाभरणीपासून आजवर तीन फेऱ्या होऊन चौथी चालू आहे. ज्यांची घरं वैनगंगेच्या पाण्याखाली गेली, ते लोक इथे समोर बसले आहेत. शनीची एक फेरी म्हणजे किती काळ, हे त्यांना मी सांगायला नको.

पाचच मिनिटं आहेत, तेव्हा पुढचं भराभर सांगतो. 4 डिसेंबरला दत्तजयंती, मार्गशीर्षी पौर्णिमा. आपलं गाव जवळपास 21 अक्षांशावर. चंद्राची उत्तरेकडची धाव साडेअठरा वर्षांच्या चक्रात कमीजास्त होते आणि सध्या ती मोठी आहे. त्यामुळे त्या मध्यरात्री चंद्र तुमच्या डोक्यावरूनही उत्तरेला गेलेला दिसेल. उत्तरेकडे तोंड करून पौर्णिमेचा चंद्र पाहायचा योग आहे, लेकरांना उठवा. मग 7 तारखेला, रात्री नवाच्या सुमारास पूर्वेला चंद्र आणि त्याच्या अगदी जवळ ठळक गुरू. कॅलेंडरवर त्या रात्री पुनर्वसू असेल. शाळकरी मुलांनी दोनशे पानी वही घालावी. तारीख, वेळ, छापलेलं नक्षत्र आणि आपल्याला दिसलेली जागा लिहावी. ढग असले तर ढग लिहावेत. बाई, तुम्ही हात वर केला होता, तुमचा प्रश्न बाहेर अंगणातच घेऊ, चंद्र समोर असेल.